सीलवरचं कुंकू

जळगावच्या एका कारखान्यात मी आयातीची कागदपत्रं पाहायचो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. सरकारी मजकूर ओळीवर बोट ठेवून वाचायला अमळनेरच्या कॉलेजातल्या सरांनी शिकवलं होतं. त्या बोटावर माझी नोकरी टिकली, हे आजही मानतो.

नव्वद सालाच्या आसपास परदेशातून आमचं पहिलं मशीन आलं. मुंबई बंदरात शुल्क न भरता ते आमच्या बाँडेड गोदामात आणायची परवानगी मिळाली. अट एकच. ट्रकच्या दाराला बंदरावर लावलेलं शिशाचं सील इथे कस्टमच्या इन्स्पेक्टरांनी नंबर पडताळून स्वतः तोडायचं. सीलमध्ये खोट दिसली, तर चौकशी संपेपर्यंत मशीन अडकणार. हमीपत्रावर कंपनीतर्फे सही माझी होती.

ट्रक दुपारी आला. इन्स्पेक्टर धुळ्याहून एसटीने निघाले होते. मालकांचे वडील, आबा, पूजेचं ताट घेऊन उभेच होते. मुहूर्त चारपर्यंत.

"दार उघड."

"आबा, साहेब आल्याशिवाय नाही."

"मशीन आपलं शे ना? मंग सरकार मधमा कसाले?"

"पूजा बाहेरून करा," असा तोडगा काढून मी ऐटीत फाइल आणायला गेलो. परत येऊन पाहतो, तर आबांनी ओलं कुंकू अंगठ्याने थेट सीलवर दाबलेलं! नंबर गडप.

"आबा, सीलला कशाला?"

"जे राखण करस, त्याले पहिलं कुंकू!"

ड्रायव्हरने फडकं काढलं. "पुसून टाकतो. साहेबाला काय कळतंय?"

"हात लावायचा नाही," मी म्हणालो. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

इन्स्पेक्टर आले. मी घडलं ते क्रमाने सांगितलं.

"मग पुसलं का नाही?"

"साहेब, पुसायला गेलो असतो तर सीलला हात लागला असता. तो हक्क तुमचा."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, पाणी मागवलं, रुमालाचं टोक भिजवून एकेक आकडा मोकळा केला. शेवटचा तीन की आठ, काही केल्या कळेना. मी फाइलमधला कागद पुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, सील उन्हाकडे वळवलं. आठ. कागदावरही आठच. 'सील शाबूत' असं लिहून त्यांनी सही केली आणि पक्कड उचलली.

"साहेब, थांबा. नारळ फोडाना ऱ्हायना," आबा म्हणाले.

इन्स्पेक्टर पक्कड हातात धरून थांबले.