सरांनी न घेतलेलं नाव

मिरासे सरांची आणि माझी पहिली भेट सांगलीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत, उंदरांच्या पिंजऱ्यांसमोर झाली. उंदरांची भीती वाटते का, असं त्यांनी विचारलं. मी जत भागातला, मेंढरांत वाढलेला. म्हटलं, "न्हाई सर. जितराब म्हटल्यावर सांभाळायचं." सर हसले आणि मी मदतनीस म्हणून रुजू झालो.

सर शल्यविशारद. आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेले रुग्ण त्यांच्याकडे येत आणि काळं पडलेलं आतडं कापण्यावाचून त्यांच्या हाती काही नसे. रुग्ण दगावला की सर त्या दिवशी जेवत नसत. अस्थिमज्जेतल्या मूलपेशींनी असं आतडं पुन्हा जीव धरेल का, हा त्यांचा ध्यास. उंदरांच्या आतड्याचं रक्त काही वेळ थांबवायचं, मग निम्म्यांना त्या पेशींची सुई द्यायची, निम्म्यांना नाही. दोन वर्षं हे चाललं. सुईवाले उंदीर जास्त जगले.

डॉक्टरांच्या सभेत निष्कर्ष वाचायला आम्ही एसटीने साताऱ्याला निघालो. कराड स्टँडवर चहा घेताना सरांनी माझं कौतुक केलं, तसा मी फुशारून बोलून गेलो, "सुईवाल्यास्नी मी रोज नाचणीची आंबीलबी पाजत हुतो, सर. तुमचं उंदीर जगाय पायजेत की."

सरांनी कप खाली ठेवला. उंदीर पेशींमुळे जगले की आंबिलीमुळे, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. साताऱ्याच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "देखरेखीत माझी चूक झाली आहे. हा निष्कर्ष मी मागे घेतो." कुणीतरी हसलं. माझं नाव सरांनी घेतलं नाही, आणि मीही जागचा उठलो नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढे सहकारी फिरकेनासे झाले, विद्यार्थी दुसरीकडे गेले. सर एकटेच डबा खात. मी शेजारी बसायचो, पण त्यांचं एकटेपण माझ्यामुळेच आलेलं. त्यांनी प्रयोग पहिल्यापासून केला. या खेपेला दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तेही त्यांनी जसंच्या तसं लिहून ठेवलं.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात हे लिहू का, म्हणून विचारायला गेलो. म्हणाले, "कशाला, बिरू? उद्या तुझी पोरं वाचतील."

वाचू देत, सर. चूक माझी होती. आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. पोरं हे वाचतील तेव्हा आपण त्यांच्यासमोर असायला हवेत.