नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी

९,९९,९८३ ही संख्या मला डोळ्यांसमोर नको असते. संख्येचा काय दोष, हे कळतं, पण राग जात नाही. आता मी लातूरलाच राहते, पण लग्न होऊन आलेय. यायचं होतं शिकायला.

दहावीची परीक्षा संपली तेव्हा आम्ही हिमायतनगरकडच्या गावात होतो. मला अकरावी सायन्सला लातूर हवं होतं. वडील हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. ते ऐकायचे फक्त आमच्या गणिताच्या सरांचं, म्हणून मी सरांना गाठलं. त्यांनी कागदावर ही संख्या लिहून दिली.

"एक अन् ही स्वतः सोडून हिला भाग जाणारी संख्या काढून दाखव. मोबाईलला हात लावायचा न्हाई. सापडली की मी तुझ्या वडलाला बोलतो."

मी भागत सुटले. दोन, तीन, पाच तर नुसतं बघूनच बाद झाले. मग लक्षात आलं, सहा नऊ ओळीनं लिहिले तर त्याला सात, अकरा, तेरा आणि सदतीस या चौघांनीही भाग जातो. माझी संख्या त्याहून सोळानं कमी, आणि सोळाला यातल्या एकानंही भाग जात नाही. चौघं एका दमात गेले! त्या दिवशी मी आईला उगाच मिठी मारली. पुढच्या मूळ संख्या मात्र एकेक करून तपासाव्या लागल्या. मधे निकाल लागला, मार्क चांगले पडले, तरी मी भागतच होते. वडील डोकावून विचारायचे, "कुठवर आलं गं?" मला वाटायचं, लेकीचं कौतुक आहे.

हजारापाशी आले आणि हात थांबला. दोन्ही भाजक हजाराच्या वरचे असते तर गुणाकार दहा लाखांच्या पुढे गेला असता. म्हणजे एक तरी हजाराखालीच हवा, आणि तिथं तर काहीच उरलं नव्हतं. मी धावत सरांकडे गेले.

"सर, हिला कशानंच भाग जात न्हाई. ही मूळ संख्या हाय."

"मला ठाऊक होतं," सर म्हणाले. मग खाली बघत बोलले, "तू पहिल्यांदा आलीस त्याच्या आधीच तुझे वडील आले होते. म्हणले, पोरीला तोंडावर न्हाई म्हणवत न्हाई. प्रवेशाची तारीख जाईस्तोवर गुंतवून ठेवा."

तारीख होऊन गेली होती. दोघांनी मिळून मला फसवलं होतं, तेही गणितानं, ज्यात माझा जीव होता. मला रडूसुद्धा येईना.

सर माझे कागद चाळत होते. "हजारापाशी थांबायचं कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच न्हाई."

त्यांचे डोळे भरून आले. "तू लातूरला जायला पाहिजे होतीस गं."

हे वाक्य माझ्या वडिलांना ऐकवायचं होतं. मला कशाला ऐकवलंत, सर?