एकास पन्नासचा माणूस

मॉडेल टेबलावर ठेवलं की काका गुडघे मोडून खाली बसत, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवत, एक डोळा मिटत आणि पुठ्ठ्याच्या त्या इमारतीच्या दारातून आत बघत. ज्याचं मॉडेल असे तो विद्यार्थी शेजारी उभा असे. मग टेबलाखालून आवाज येई, "माणस क्यां?"

मुलगा मराठी असला तर, "माणूस कुठाय?" एवढाच फरक.

बडोद्यातल्या एका आर्किटेक्चर कॉलेजात ते वर्कशॉप सांभाळत. त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर ते रागावतील, आणि तसंही कॉलेजात ते कुणी वापरलं नाही. शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळे 'काका'च म्हणत. मी तिथे शिकत होतो तेव्हा ते ऐन तरुण होते, तरी काकाच होते. पुढे माझे केस पिकायला लागले, मी आठवड्यातून दोन दुपारी तिथेच शिकवायला जाऊ लागलो, तेव्हा चारचौघांत ते मला 'साहेब' म्हणायला लागले. एकटे असलो की, "अरे ए, तू सकाळी जेवलास का?"

आता 'माणूस' म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्या माणसापाशीच अडते. मॉडेलच्या दारात एक चिमुकली आकृती उभी करायची असते. तिच्याकडे बघून इमारत खरी बांधली तर केवढी होईल ते कळतं. मॉडेल खऱ्या इमारतीचा शंभरावा भाग, म्हणजे एकास शंभर, असेल तर माणूस पावणेदोन सेंटिमीटरचा. पन्नासावा भाग, म्हणजे एकास पन्नास, असेल तर त्याच्या दुप्पट, साडेतीनचा. काका ही माणसं आगकाडीतून कोरत. लहरीपुऱ्याच्या बाजारातून आणलेलं पातं, आगकाडी आणि अंगठ्याचं नख, एवढी सामग्री. पावणेदोनची माणसं एका आगपेटीत, साडेतीनची दुसऱ्या. सगळ्यांचे हात पाठीमागे बांधलेले. मी एकदा विचारलं, हे सगळे कैदी आहेत का? तर म्हणाले, "हात सुटे केले की मोडतात, भाई. पाठीमागे असले की टिकतात."

माझ्या पहिल्या मॉडेलात मी एक अप्रतिम जिना केला होता. वळणावळणाचा, मधे आधार नसलेला. आठ दिवस खपलो होतो. काकांनी आपला माणूस चिमट्यात धरला आणि पायरी पायरी चढवत वर नेला. वर गेल्यावर त्याचं डोकं छताला थडकलं.

"आता ह्याने डोकं कुठं ठेवायचं?" काका म्हणाले. "खाली काढून ठेवू?"

एका मुलीने सगळं घर काचेचं केलं होतं. शिक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं. काकांनी माणसाला सगळ्या खोल्यांतून फिरवून आणलं, पुन्हा दारात उभा केला आणि आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत हळूच विचारलं, "बेन, ह्याला लागली तर ने?" ती मुलगी आज मोठमोठी हॉस्पिटलं बांधते आणि नकाशावर सगळ्यात आधी संडास काढते, असं तिने मला स्वतः सांगितलं आहे.

असा हा माणूस. आणि मग त्यांच्या मुलीने आमच्याच कॉलेजात प्रवेश घेतला.

गुणांवर घेतला, पण कँटीनला गुणांशी काय करायचंय? पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बोललं, "तिला काय, वर्कशॉप घरातच आहे." ते काकांच्या कानावर गेलं. त्या दुपारी ते विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. मी तिथेच चहा पीत बसलो होतो. दारातच उभं राहून म्हणाले, "साहेब, पाच वर्षांत माझ्या पोरीच्या मॉडेलमध्ये माझ्या हातचा एक तुकडा जरी मिळाला, तर वर्कशॉपची चावी या टेबलावर ठेवीन आणि घरी जाईन." आम्ही दोघं, अहो काका, बसा तरी, म्हणेपर्यंत गेले सुद्धा.

नुसतं बोलले नाहीत. मुलगी वर्कशॉपमध्ये शिरली की काका बाहेर. समोर कडुनिंबाचा पार होता, त्यावर चहाचा ग्लास घेऊन बसायचे. ती काम संपवून निघाली की हे आत. पोरं चलाख. करवतीवर काहीतरी भलतंच कापायचं असलं, जे काका कधीच कापू देणार नाहीत, की आधी तिला आत पाठवायची. पाच वर्षांत काकांनी त्या पारावर किती चहा प्यायला असेल याचा हिशेब कुणी मांडू नये. मी विचारलं, "काका, नुसतं बघायला काय हरकत आहे?"

"बघितलं की बोट जातं," ते म्हणाले. आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसले.

मुलीचा हात मात्र बापावर गेला नव्हता, हे सांगायला हवं. डोकं छान, नजर छान, पण तिने कापलेला पुठ्ठा उंदरांनी कापल्यासारखा दिसायचा. बापाने शंभर जणांना तिरपी धार कशी धरायची ते शिकवलं होतं आणि त्याची स्वतःची मुलगी आत वर्कशॉपमध्ये बोट कापून घेत होती. पारावरून ते दिसायचं. मी पाहिलं आहे त्यांना, ग्लास तोंडाशी नेऊन तसाच धरलेला.

तिचं शेवटचं वर्ष आलं. काकांच्या नोकरीचंही. तिची परीक्षा झाली की काही दिवसांनी ते निवृत्त होणार होते. "पोरगी आर्किटेक्ट झालेली या डोळ्यांनी बघून चावी देतो," असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. अहमदाबादच्या एका ऑफिसने तिला बोलावलंही होतं, पास होण्याचा अवकाश.

तिने विषय घेतला होता खंडेराव मार्केटच्या भाजीवाल्या बायकांचा. पहाटेपासून बसणाऱ्या त्या बायकांना हात धुवायला नळ, पाठ टेकायला ओटा, पोरांना निजवायला सावली, अशी मार्केटला लागून एक साधी इमारत. आठवडेच्या आठवडे ती त्यांच्यात जाऊन बसली होती. मॉडेल एकास पन्नासचं, मैत्रिणीच्या घरी केलेलं. काकांनी ते पाहिलंही नव्हतं.

परीक्षेला आमच्याकडे ज्युरी म्हणतात. मुलाने भिंतीवर नकाशे लावायचे, टेबलावर मॉडेल ठेवायचं, आणि खुर्च्यांवर बसलेल्या आम्ही चौघांनी त्याला सोलायचं. त्या दिवशी आमच्यात बाहेरगावचे एक परीक्षक होते. खादीचा कुडता, गोल चष्मा, आणि आवाज असा की 'बसा' म्हटलं तरी आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. काका नेहमीसारखे काचेच्या दाराबाहेर उभे होते. टेबलं हलवायला लागतात म्हणून प्रत्येक ज्युरीला ते तिथेच असत.

मुलीने मॉडेल ठेवलं. मग पर्समधून एक रुमाल काढला, तो उलगडला आणि त्यातला माणूस चिमटीत धरून दारात उभा केला.

हात पाठीमागे बांधलेला. पावणेदोन सेंटिमीटर.

मी काचेकडे पाहिलं. काकांचा चेहरा मी विसरणार नाही. तो माणूस मीही ओळखला होता. ती बालवाडीत असताना काकांनी तिला खेळायला दिलेला, एकास शंभरचा माणूस. माझ्यासमोर वर्कशॉपमध्ये कोरला होता. बाहुल्यांमध्ये ठेवायची ती. पाच वर्षं बापाकडे काही मागता आलं नाही म्हणून शेवटच्या दिवशी तिने तेवढं घरातलं खेळणं आणलं. प्रेमाने आणलं. माप पाहिलं नाही.

परीक्षक पुढे झुकले. "हे दार आहे?"

"हो सर."

"या माणसाच्या मानाने दार चौदा फुटांचं आहे. भाजी कोण विकतं इथे, हत्ती?"

कुणीतरी हसलं.

"की माणूस चुकलाय? कुणी केला हा?"

तिने तोंड उघडलं. मग तिची नजर काचेकडे गेली, आणि माझ्या शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांकडे आली. तिला चूक कळली होती, आणि ती कशी सांगायची हेही तिला कळलं होतं. "सर, हा माझ्या वडिलांनी कोरलाय, दुसऱ्या मापाचा आहे." एक वाक्य. पण त्या वाक्याने बापाची चावी टेबलावर येत होती. ती गप्प राहिली.

मला बोलता आलं असतं. अहो, एरवी मला गप्प करायला माणसं लागतात. त्या दिवशी समोरचे कागद सरळ करत बसलो. मी बोललो असतो तर मुलगी सुटली असती आणि बाप अडकला असता. आणि काका बाहेर, काचेला नाक लावून, पाठीमागे एका हाताने दुसरा हात घट्ट धरून उभे. तिघांना एकच गोष्ट माहीत, आणि तिघांपैकी कुणालाही ती उच्चारता येईना.

परीक्षकांनी आणखी चार प्रश्न विचारले. तिने एकाचंही धड उत्तर दिलं नाही. ज्याला स्वतःच्या दाराची उंची सांगता येत नाही त्याला इमारत बांधू देणं धोक्याचं आहे, असं ते म्हणाले, आणि ते ऐकताना त्यांच्याविरुद्ध बोलायला मला काही सुचलं नाही. एक सत्र पुन्हा. अहमदाबाद गेलं.

संध्याकाळी मी पारावर गेलो. काका आधीच बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनीच सुरुवात केली. "तू बोलला नाहीस ते बरं केलंस." ते ऐकून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहाचा ग्लास बाजूला ठेवून म्हणाले, "आत येऊन नुसता माणूस उचलला असता तरी चाललं असतं. एवढंसं काम. पण पाय उचलेना." मग आपल्या हातांकडे बघत बसले.

ठरल्या दिवशी ते निवृत्त झाले, चावी देऊन शहराच्या टोकाला, गोरव्याकडच्या घरी गेले, आणि पुन्हा कॉलेजात आले नाहीत. मुलगी रोज यायची. वर्कशॉपमधून आता बापाने बाहेर जायची गरज नव्हती. तिथे एक नवा तरुण आला होता. पार रिकामा असायचा.

सहा महिन्यांनी तिची ज्युरी पुन्हा झाली. परीक्षक तेच. काचेबाहेर कुणी नव्हतं. पुठ्ठा या वेळीही तिनेच कापला होता, उंदीर जरा सुधारले होते. दाराची उंची विचारली, तिने सांगितली. नळ, ओटा, सावली, सगळं सांगितलं. पास झाली.

ती घरी पोहोचायच्या आधी मीच काकांना फोन केला. फार उतावीळ माणूस आहे मी.

"काका, पास."

"हं." मग, "माणूस होता?"

"होता. तिने स्वतः कोरलेला. हात सुटे, एक जरा जाड."

"किती सेंटिमीटर?"

मी पट्टी लावून पाहिलं होतं. "अडीच."

"अडीच?" त्यांचा आवाज एकदम उंच झाला. "साडेतीन पाहिजे. अरे, एकास पन्नास ने? पुन्हा चुकली ती. कुणी पाहिलं नाही? आता?" पुन्हा काचेबाहेर उभे असल्यासारखा कासावीस झालेला तो आवाज ऐकून मी घाईने म्हणालो, "काका, काका, ऐका. तो बसलेला आहे."

"बसलेला? कुठं?"

"दारात नाही. बाहेर. झाडाखाली पार केलाय तिने, त्यावर. हातात ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी आहे. दारातून बघितलं की तो समोरच दिसतो."

पलीकडे काहीतरी टेकवल्याचा आवाज झाला. फोन त्यांनी बंद केला नव्हता, नुसता कुठेतरी बाजूला ठेवला होता. मला त्यांच्या घरातला पंखा फिरताना ऐकू येत राहिला.