डाव्या कानाशी धरलेलं इंजिन

माझे मिस्टर हौसेने छोट्या आगगाड्या बनवतात. जेसल पार्कमधल्या आमच्या हॉलचा निम्मा भाग प्लायवुड आणि रुळांनी खाल्लाय. जोडणी, सोल्डरिंग हे त्यांचं खातं. आवाजाचा निवाडा माझा. माझं माहेर रत्नागिरीकडचं. घरामागच्या चढावरून डिझेलच्या मालगाड्या जायच्या, त्यामुळे इंजिन चढाला लागलं की आवाज कसा बदलतो ते मला कोणी शिकवावं लागलं नाही.

त्या शनिवारी सकाळी त्यांनी दोन सारखी इंजिनं टेबलावर ठेवली. दोन्हींच्या पोटात वेगवेगळे डिकोडर होते. डिकोडर म्हणजे बोटाच्या पेराएवढी पट्टी. रुळांतून आलेला हुकूम वाचून ती मोटर फिरवते आणि इवल्याशा स्पीकरमधून आवाज काढते. पहिल्यात आवाज तयार भरून आलेले. हॉर्न परदेशी, पण डबे वाढवले की इंजिनाची घरघर जड व्हायची. दुसऱ्यात आपले आवाज भरता येत होते, म्हणून ह्यांनी आपल्याकडच्या डिझेलचं रेकॉर्डिंग घातलं होतं. दोन्हींतला एकच डिकोडर ठेवायचा, दुसरा परत करायचा, असं ठरलं होतं.

एका कानात बोट घालून ऐकायची माझी सवय आहे. पहिलं इंजिन मी उजव्या कानाने ऐकलं. मग ते डावीकडे येऊन बसले आणि तारा जोडलेल्या रुळाच्या तुकड्यासकट दुसरं इंजिन माझ्या डाव्या कानाशी धरलं.

"हे बंद आहे," मी म्हटलं.

"चालू आहे की. हॉर्न देतोय मी."

"मग स्पीकर गेला असेल."

त्यांनी इंजिन बदललं. पहिलं त्याच कानाशी आणलं. तेही गप्प. मी उजव्या कानातलं बोट काढलं, तर हॉर्न एकदम अंगावर आला. ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला दिसला. सकाळी उठल्यापासून त्या कानाला दडा बसल्यासारखं वाटत होतं, पण आंघोळीचं पाणी गेलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

"चप्पल घाल," ते म्हणाले.

केबिन रोडला रिक्षातून उतरले आणि रस्ता ओलांडताना मधेच थांबले. सगळे आवाज उजवीकडूनच येत होते. डावीकडून स्कूटर आली ती मला दिसली तेव्हा ह्यांनी दंड धरून मला मागे ओढलं होतं. गेली अनेक वर्षं ज्या रस्त्यावर भाजी घेते, तिथे मी लहान मुलीसारखी त्यांचा हात धरून चालले.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूनिंग फोर्कचा लोखंडी चिमटा वाजवून माझ्या कपाळावर टेकवला. कपाळाच्या मधोमध टेकवला तरी आवाज उजव्या कानात गेला. मग बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी अंगठा ठेवून वाट बघत राहिले. आवाज लावलाच नाहीये, की लावलाय आणि मला येत नाहीये, तेच कळेना.

"नस का मामला है," बाई म्हणाल्या. "अच्छा किया जल्दी आए. दवा आज से शुरू."

"पूरा वापस आएगा ना?" मी विचारलं.

"कोशिश करेंगे. अभी बोल नहीं सकती."

घरी ह्यांनी रुळांवर चादर टाकली. मी उजव्या कुशीवर पडले की अख्खं घर नाहीसं व्हायचं, म्हणून पाठीवरच पडून राहायचे. उजवाही गेला तर? हे मी त्यांना विचारलं नाही. येता-जाता कानाशी बोटं चोळून बघायचे, आणि ते बघतायत असं दिसलं की केस मागे सारल्याचं सोंग करायचे.

शेवटी एका दुपारी मीच चादर काढली. म्हटलं, "लावा."

डाव्या कानात हॉर्न आला, पण पिंपात तोंड घालून कोणी ओरडावं तसा. दोन्ही कानांनी ऐकलं तर दोन वेगळे सूर, एकमेकांवर घासणारे. मी इंजिन त्यांच्या हातात दिलं आणि रडले. काहीच न ऐकू येण्यापेक्षा मला ह्याची जास्त भीती वाटली. पुढच्या तपासणीला बाई मात्र म्हणाल्या, कान परततोय, असाच परततो.

थोडा परतला. जाड आवाज आले, बारीक आले नाहीत. दोन्ही इंजिनं पुन्हा ऐकताना मी पहिलं ठेवायला सांगितलं. त्याची घरघर मला दोन्हीकडून लागत होती. आपल्याकडचा हॉर्न डावीकडे नुसता फुसफुसत होता.

"पण आपला हॉर्न जाईल," ते म्हणाले.

"जाऊ दे."

त्यांनी दुसरा डिकोडर काढून डबीत ठेवला. आता साधी सर्दी झाली तरी मी सकाळी डोळे मिटूनच पडून राहते आणि आधी उजव्या कानाशी बोटं चोळते.