तीन वाजताची गवार

लिखाणाचं माझं पहिलं वेळापत्रक मी चार रंगांच्या स्केचपेनांनी काढलं होतं. पहाटे लेखन, हिरवं. सकाळी घरकाम, काळं. दुपारी संपादन, लाल. संध्याकाळी चिंतन, जांभळं. चिंतनात नक्की काय करायचं ते मला माहीत नव्हतं, पण जांभळं पेन उरलं होतं. कागद फ्रिजवर लावला आणि दोन पावलं मागे सरकून, स्वतःचंच नेपथ्य पाहावं तसा पाहिला. नवऱ्याने दूध काढताना तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात डबा कुठे आहे?"

डबा नव्हता. सासूबाईंची औषधं नव्हती, पाणी भरणं नव्हतं, दारावरची बेल तर नव्हतीच. आठवडाभर मी पहाटे उठले आणि वहीवर डोकं टेकवून झोपले. गालावर शाईचे डाग घेऊन पोहे करायची. शेवटी लेकीने कागद काढून मागच्या बाजूला किराणा लिहिला.

घाई होती त्याला कारण होतं. माझ्या मोठ्या जाऊबाई, मुलुंडच्या वहिनी, दसरा झाला की मुलाकडे बंगळुरूला कायमच्या जाणार होत्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. माझं छापून आलेलं एकही पान त्यांनी ऐकल्याशिवाय घराबाहेर पडलेलं नाही. बंगळुरूला फोन लागत नाही असं नाही. पण तिथे तान्ही नात होती. "तिथली दुपार माझी नसणार," त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "तुझं जे काय आहे ते दसऱ्याच्या आत संपव." जे काय होतं ते म्हणजे चारकोपच्या आमच्या बैठ्या घरांच्या ओळीवरचं पुस्तक, आणि ते अर्ध्यावर लोळत पडलं होतं.

नवऱ्याला माझी दया आली. त्याने मार्व्याहून बोटीने मनोरीला नेलं, एका कॉटेजच्या व्हरांड्यात टेबल लावून दिलं, आणि आता लिही म्हणाला. मी तिथे तळलेली मांदेली खाल्ली आणि दोन दिवस झोपले. इतकी गाढ, की कॉटेजवाली बाई माझ्या नवऱ्याला हळूच विचारून गेली, "बरं नाही का त्यांना?"

तेव्हा उरली ती फक्त दुपारची तीनची वेळ. सासूबाई आडव्या झालेल्या, भांडी घासून पालथी घातलेली, आणि मुलुंडला फोन. वहिनींचे डोळे उत्तम आहेत, तरी त्या वाचत नाहीत, ऐकतात. फोन स्पीकरवर टाकून स्टीलच्या ताटाशेजारी ठेवायचा आणि रात्रीची भाजी निवडायला घ्यायची. बहुतेक वेळा गवार. कट् करून शेंग मोडली की टण् करून ताटात. मी वाचत राहायचं. जिथे त्यांचे हात थांबतील ते वाक्य ठेवायचं, जिथे कटाकट चालू राहील तिथे विचार करायचा. लसूण सोलायच्या दिवशी माझी पंचाईत. लसणाला आवाज नाही.

"वाच."

"वहिनी, जेवण झालं?"

"झालं. वाच गो."

आणि मी वाचायची. म्हणजे काय, सादर करायची. कोळणीचा आवाज वेगळा, वॉर्ड ऑफिसच्या साहेबाचा वेगळा. टँकरवरच्या भांडणाचं प्रकरण मी असं रंगवलं की सासूबाई आतून उठून आल्या आणि म्हणाल्या, "कोण आलंय? चहा टाकू?" तिकडे मुलुंडला गवार पूर्ण गप्प. अख्ख्या प्रकरणात एक शेंग मोडली नाही. मी खूश. चार दिवसांनी तेच प्रकरण लेकीने मनातल्या मनात वाचलं आणि म्हणाली, "आई, यात नुसता आरडाओरडा आहे. झालं काय ते कळतच नाही."

मी तक्रार घेऊन वहिनींकडे गेले. त्या म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. तू नाटक करतेस. वाक्य मेलेलं असतं, तू त्याला बगलेत धरून नाचवतेस. माझे हात तुला बघायला थांबतात, वाक्याला नाही."

"मग काय करू?"

"लाइटबिल वाचतात तसं वाच."

आता मला हे कसं जमावं? मी लाइटबिलसुद्धा असं वाचते की शेजारी दाराशी येतात. प्रयत्न केला. दोन ओळी सपाट, तिसऱ्या ओळीला कोळीण आलीच. "गप रव," फोनमधून आवाज यायचा, "परत वरून."

असं करत गणपती आले. चारकोपचं घर म्हणजे घर कमी आणि कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्यांचा थांबा जास्त. मोदक, माणसं, अंथरुणं, दोन वेळच्या आरत्या. आरतीत माझा सूर सगळ्यांच्या वर असतो, कोणी सांगितलेलं नसताना. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नव्हतं आणि आवाज साफ बसला होता. तरी तीनला फोन लावला. फरशीवर पंख्याखाली आडवी पडून, घोगऱ्या आवाजात, टँकरचं प्रकरण वाचायला घेतलं. कोळीण नाही, साहेब नाही. कोणाचाच आवाज काढायची ताकद नव्हती.

कट्, टण्. कट्, टण्. माझ्या लाडक्या परिच्छेदावर कट्, टण्. साहेबाच्या भाषणावर तर दोन-दोन शेंगा एकदम. मला उठून बसायचंही सुचेना. आणि मग एका ओळीवर आवाज थांबला. ती ओळ अशी होती, की झिंज्या धरून भांडण झालं त्याच संध्याकाळी शेजारणीने आमची बादली नळाखाली लावून भरून ठेवली होती.

"हे ठेव," वहिनी म्हणाल्या. "बाकीचं टँकरमध्ये घाल."

रडू येण्याइतकीही मी ताजी नव्हते. पण ती ओळ वेगळी आहे हे ऐकलं होतं मीसुद्धा. वहिनी बोलायच्या आधी.

तिथून वेळापत्रक बदललं. लिहायचं कधीही, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, रिक्षात, औषधाच्या दुकानाच्या रांगेत. कापायचं मात्र दमल्यावरच. आवाज परत आला तेव्हा मी तीनच्या आधी मुद्दाम माळे साफ करायला लागले. एकदा गाद्या झटकल्या. नवरा म्हणाला, "पुस्तक राहू दे, पण घर झकास झालंय."

दसऱ्याच्या तोंडावर शेवटची दोन प्रकरणं राहिली. ती पिशवीत घालून मी लिंक रोडच्या बसने मुलुंडला गेले, सामान बांधायला. दिवसभर आम्ही डबे वर्तमानपत्रात गुंडाळले. मोठ्या दिरांनी खोक्यांना टेप लावली आणि ते कोणाकडे तरी निरोप घ्यायला गेले. तीन वाजले तेव्हा आम्ही दोघी गुंडाळलेल्या गादीला टेकून बसलो. पडदे काढलेले, त्यामुळे खोलीत ऊन नको तितकं.

"गवार नाही," मी म्हणाले.

"नसूं दे. वाच."

वाचायला लागले. दुसऱ्या पानावर त्यांची मान कलली. एवढ्या वर्षांत कधी फोनवर जांभई ऐकली नव्हती, आणि आता, राहिलेल्या एकुलत्या एक दुपारी, त्या झोपल्या. थांबावंसं वाटलं. पण उद्यापासून ही दुपारच नव्हती. मी तशीच वाचत राहिले, हळू, त्यांना जाग येऊ नये म्हणून. कट् नाही, टण् नाही. दोन पानं अशी होती की माझाच आवाज मला कंटाळवाणा लागला. पेन्सिलीने आडवी रेघ मारून ती काढली.

त्या सरळ बसल्या. "कुठे आलो?"

"तुम्हाला झोप लागली, तिथली दोन पानं काढली मी."

"बरं केलंस. पण दुसऱ्या पानाची शेवटची ओळ काढायला नको होती. अंगणात वाळत घातलेल्या रेनकोटाची."

"झोपला होतात ना तुम्ही?"

"डोळे मिटले होते. दमले होते गो, बहिरी नव्हते झाले."

मी ओळ परत लिहिली. राहिलेलं प्रकरण काळोख पडायच्या आत संपलं. एकदाच म्हणाल्या, "हं." गवार नव्हती, पण शेवटच्या पानाला त्यांनी हात मांडीवर ठेवले ते तसेच ठेवले.

मग म्हणाल्या, "चहा कर आता. पातेलं कुठल्या खोक्यात कोंबलंस, ते आधी आठव."