ईश्वरप्पाचा डावा पाय

उदगीरमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही ईश्वरप्पाबद्दल विचारलं, की तो आधी स्वतःच्या डाव्या मांडीवर थाप मारतो. मग बोलायला लागतो.

ईश्वरप्पा मोंढ्यात मापाडी होता. दिवसभर अडतीवर ज्वारी, तूर मापायची आणि ऊन कललं की फुटबॉलचं मैदान गाठायचं. शिकवणारं कुणी नव्हतं. रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर चेंडू मारून मारून त्याचा पाय घडला. पुढे क्लबने बूट घेऊन दिले, तर त्याने उजवाच घातला. डावा अनवाणी. "डाव्याला चेंडू दिसतो," म्हणायचा, "बुटात कोंडला की आंधळा होतोय." एकाच पायात बूट घातलेला हा माणूस पाहून हैदराबादचे खेळाडू हसले होते. ते हसणं मध्यंतरापर्यंत टिकलं.

त्या दिवसापासून त्याच्या संघातल्या जोडीदाराने, मलप्पाने, उजवीकडून चेंडू काढला, की अख्खं मैदान ओरडायचं, "डावा! डावा!" ओरडणं संपायच्या आत चेंडू जाळ्यात असायचा. नांदेड, देगलूर, बीदर, जिथे तो खेळायला गेला तिथे ही आरोळी त्याच्या आधी पोचलेली असे. एका मोठ्या शहराच्या संघाने नोकरीसकट बोलावलं, तो गेला नाही. का, ते त्यालाही कधी नीट सांगता आलं नाही. तो मापाडीच राहिला. लग्नात, बाजारात पोरं वाकून त्याच्या डाव्याच पायाला हात लावायची. माणूस त्या पायामागे उभा असायचा, थोडा संकोचून.

म्हणून साखरेच्या आजाराने बधिर झालेल्या त्या पायाला म्हातारपणी मोंढ्याच्या तापलेल्या फरशीवर फोड आला, तेव्हा त्याने तो लपवला. हळद लावली, फडकं बांधलं, वर मोजा चढवला. फोड दुखत नव्हता. दुखला असता तर कदाचित ओरडला असता, कुणाला तरी कळलं असतं. वास यायला लागला तेव्हा उमादेवीने, त्याच्या बायकोने, फडकं ओढून काढलं आणि त्याला लातूरला नेलं. तिथे अंगठा आणि शेजारची दोन बोटं कापावी लागली. गावात त्याने सांगितलं, नांदेडला लेकीकडे गेलो होतो.

याला दोन वर्षं झाली. मोज्याच्या रिकाम्या टोकात तो चिंध्या कोंबतो आणि वर बूट घालतो. मलप्पाच्या हॉटेलात चहाला जाणं त्याने सोडलं. मलप्पा त्याची चाल ओळखतो.

मलप्पा आता क्लबचा अध्यक्ष आहे. यंदा स्पर्धेचं आमंत्रण द्यायला तो स्वतः घरी आला.

"इश्या, यंदा शाल-नारळ न्हाई. तुझे पाय धुवायचे. परातीत, समद्या गावासमोर. बापाचे धुतेत, गुरूचे धुतेत, मग ह्या पायाचं काय वाईट हाय?"

"मला जमायचं न्हाई."

"तुला काय करायचंय? धुणार मी हाय. तू निस्ता बसून ऱ्हा. तसाबी मैदानात तू उभाच असायचास, पळायचो मीच."

तो हसत निघून गेला. उमादेवी दारातून म्हणाली, "सांगून टाका की त्यांला."

"सांगतो."

आणि तो सांगायला निघालासुद्धा. हॉटेलच्या कोपऱ्यापर्यंत गेला. आत मलप्पा टेबलावर पेले मांडून पोरांना हैदराबादवरचा तो गोल दाखवत होता. साखरेची वाटी म्हणजे ईश्वरप्पा. ईश्वरप्पा तिथूनच परतला.

स्पर्धेच्या दिवशी मैदान भरलं. मंडपात एक खुर्ची, खुर्चीपुढे पितळी परात, ऊन पाण्याचा तांब्या. मलप्पा गुडघे धरत खाली बसला. ईश्वरप्पाने उजवा बूट काढला आणि उजवा पाय परातीत ठेवला.

"आरं, हा कुणाचा पाय?" मलप्पा माइककडे तोंड करून म्हणाला. "ह्यानं जन्मात एक गोल न्हाई केला. ह्याला कशाला न्हाऊ घालू?"

मैदान हसलं. मग कुठून तरी एक म्हातारा आवाज आला, "डावा!" त्यात दुसरा मिसळला. मग पोरं सुरू झाली, ज्यांनी त्याला कधी खेळताना पाहिलं नव्हतं. "डावा! डावा!"

बायकांत बसलेल्या उमादेवीने पदर तोंडाला लावला.

या आरोळीला नाही म्हणायची त्या पायाला सवय नव्हती. ईश्वरप्पा वाकला. बुटाची नाडी सुटेना. मलप्पानेच ती सोडली, बूट काढला, मोजा ओढला. मोज्याबरोबर चिंध्यांचा बोळा परातीत पडला.

पुढच्या रांगा गप्प झाल्या. मागच्यांना काही दिसत नव्हतं, ते ओरडतच राहिले.

ईश्वरप्पाची मान खाली होती. "तुला सांगायला आलतो," तो पुटपुटला. "हॉटेलापातुर आलतो."

मलप्पाने वर पाहिलं नाही. हाताने माइक बाजूला सारला. चिंध्यांचा बोळा उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला. मग थोडा सरकला, लोकांना पाय दिसणार नाही अशी पाठ केली, दोन्ही तळव्यांत ते उरलेलं पाऊल धरलं. कुणीतरी तांब्या कलता केला.

"पाणी लई ऊन न्हाई ना?" त्याने हळूच विचारलं.

ईश्वरप्पाला काहीच कळत नव्हतं. पाणी ऊन होतं की गार, पायावर पडत होतं की नाही, मलप्पाचे हात कुठे होते.

"न्हाई," तो म्हणाला.

मागे अजून ओरडत होते.