थेंबमावशीचं अ‍ॅव्हरेज

गल्लीतली मुलं तिला थेंबमावशी म्हणायची. लॅबोरेटरीच्या वतीने घरोघर जाऊन ती रक्त काढायची. सुई इतकी हलकी टोचायची की म्हातारी माणसं दंड पुढे करून विचारत, "घेतलं का?" आणि ती नळीवर चिठ्ठी चिकटवत म्हणे, "केव्हाच." पण चिठ्ठी चिकटवण्याआधी ती त्यांना नाव विचारी, आणि चिकटवल्यावर पुन्हा विचारी. वीस वर्षं ओळखीचा पेशंट असला तरी विचारी.

याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिच्या हातून दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती. वेळेत लक्षात आलं, कुणाचं काही बिघडलं नाही. पण तेव्हापासून ती ताकही फुंकून पिऊ लागली. कामात हा स्वभाव सोन्यासारखा होता. घरात मात्र त्याचा जाच होई. दूध पातळ का, कुलूप उलटं का लटकतंय, शेजारीण आज इतकं गोड का बोलली, प्रत्येक गोष्टीत तिच्या मनात पाल चुकचुकायची.

नवरा गेल्यावर त्याची छोटी, जुनी मोटार ती चालवू लागली. मागच्या सीटवर बर्फाचा डबा, रोजचे सत्तर किलोमीटर. आठवड्याला एकदा टाकी फुल करायची आणि लिटरमागे किती किलोमीटर झाले ते काढायचं, हा तिचा नेम. वर्षानुवर्षं अ‍ॅव्हरेज सतरा यायचं. एका आठवड्यात ते पंधरावर आलं, पुढच्या महिन्यात चौदावर.

"गाडी म्हातारी झाली, आई," लेक म्हणाली.

"माणसं म्हातारी हळूहळू होतात. एका महिन्यात नाही."

पहिला संशय पंपावर गेला. वळणावरच्या त्या पंपावर ती अकरा वर्षं जात होती. तिथे पेट्रोल भरणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणत. एकदा भर चौकात गाडी बंद पडली, तेव्हा याच मामांनी ती ढकलत कडेला आणली होती. त्या दिवशी मात्र तिने मामांच्या हाताकडे बघितलं, काट्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मामा, पाच लिटरचं माप आणा."

मामांनी स्टीलचं माप आणलं. मागे गाड्यांची रांग लागली. पेट्रोल रेघेला बरोबर टेकलं, ना केसभर वर, ना केसभर खाली.

इथे थांबायला हवं होतं. पण डोक्यात किडा शिरला की तो सहज निघत नाही. "माप बरोबर आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हणजे खोट मालात आहे. कोण काय मिसळतं, ते भरणाऱ्यालाच ठाऊक."

मामा टाकीचं झाकण लावत होते. मग त्यांनी झाकण घट्ट केलं आणि मागच्या गाडीला पुढे बोलावलं. रांगेतल्या दोघांनी तक्रारीचं रजिस्टर मागितलं. पुढच्या आठवड्यापासून मॅनेजरने मामांना पेट्रोलवरून काढून टायरमध्ये हवा भरायला बसवलं. हे तिला एका पेशंटकडून कळलं. "म्हणजे काहीतरी होतंच," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिला नीट जेवण गेलं नाही.

आता ती दुसऱ्या कंपनीच्या पंपावर जाऊ लागली. अ‍ॅव्हरेज चौदाच. तिचा दीर मेकॅनिक होता. गाडीचं सगळं काम तोच करायचा. तो म्हणाला, "वहिनी, महागातलं पेट्रोल टाकून बघा. इंजिन साफ राहतं म्हणतात."

"म्हणतं कोण? विकणाराच ना?"

"विकणाराच," दीर हसला.

आणि मग संशय उंबरठा ओलांडून घरात आला. दर रविवारी गाडी जावई घेऊन जायचा. तिने दोन-तीनदा आडून आडून विचारलं. रस्ता कसा होता, गर्दी होती का, एसी लावला होता का. चौथ्या वेळी जावयाने किल्ली टेबलावर ठेवली.

"आई, सरळ विचारा ना."

"गाडी रविवारी जाते कुठे?"

"तुमच्या नातीला पोहायला शिकवायला. अकरा किलोमीटर जायचं, अकरा यायचं. यापुढे आम्ही बसने जाऊ."

लेक भांडी घासत होती. त्यांचा जो आवाज येत होता, त्यात सगळं आलं.

थेंबमावशी रात्रभर तळमळली नाही की रडली नाही. तिने विचार केला तो आपल्या कामासारखा. आपलं मनच पेशंटचं नाव आधी ठरवून बसलंय, तर नळीवर चिठ्ठी बरोबर कशी लागणार? सकाळी तिने लेकीला बसवून सांगितलं, "सहा आठवडे गाडी फक्त मीच चालवणार. काटा तळाला आला की टाकी तू भरून आण. तीन कंपन्यांचे तीन पंप, प्रत्येकी दोन वेळा, क्रम तुझा तू ठरव. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वर एक थेंब नाही. कुठून भरलंस ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात घाल. मला सांगू नकोस."

"आणि मी खोटं लिहिलं तर?" लेकीने विचारलं.

"तेवढा विश्वास आहे."

"तेवढाच," लेक म्हणाली. पण चिठ्ठ्या तिने चोख लिहिल्या.

सहा आठवडे तोच रस्ता, टायरमध्ये तेवढीच हवा, डब्यात तेवढाच बर्फ. शेवटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिघं बसली आणि पाकिटं फोडली. पहिल्या कंपनीचं चौदा पूर्णांक एक, दुसरीचं चौदा, आणि महागातलं म्हणून गाजलेलं तिसरं चौदा पूर्णांक दोन. दोन टाक्यांमध्ये एकाच पेट्रोलचा जेवढा फरक पडत होता, त्याहून कंपन्यांमधला फरक मोठा नव्हता.

जावई आकडे बघत होता. मग त्याने एक गोष्ट सांगितली. पंपाच्या यंत्राच्या मागच्या अंगाला एक बारीक स्टिकर लागला होता. पेट्रोलमध्ये इथेनॉल आता दहाऐवजी वीस टक्के. सगळ्याच कंपन्यांचं, एकाच सुमाराला. "इथेनॉलमध्ये दम कमी असतो. त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं."

"थोडं म्हणजे किती?"

"शंभरात तीन-चार."

तिने लगेच हिशेब केला. सतराचे साडेसोळा झाले, बाकीचे अडीच कुठे गेले? मालात बदल झाला होता, हा तिचा संशय खरा निघाला. पण तो मामांनी केला नव्हता. कुणा एका कंपनीनेही केला नव्हता, सगळ्याच कंपन्यांच्या पेट्रोलमध्ये तो झाला होता. आणि जावयाचा तर संबंधच नव्हता. सहा आठवडे तो गाडीत बसलासुद्धा नव्हता. तिने त्याच्यासमोर किल्ली सरकवली. त्याने ती उचलली नाही.

उत्तर मिळालं ते दोन दिवसांनी, एका पेशंटच्या दारात. बर्फाचा डबा काढताना हातातलं पेन खाली पडलं, ते उचलताना तिचा हात मागच्या डाव्या चाकाला लागला. चाक पोळत होतं. ती थबकली. मग ताप बघतात तसा हात उलटा करून तिने चारही चाकांना लावला. तीन कोमट, आणि एकाला सडकून ताप.

दिराने चाक खोलून दाखवलं. हँडब्रेकची केबल एका बाजूला गंजून अडकत होती. हँडब्रेक सोडला तरी ते चाक पुरतं सुटत नव्हतं. गाडी महिनोन् महिने एक पाय धरूनच पळत होती.

"कुणी केलं हे?" तिने विचारलं.

"गंजाने. कुणी कशाला करेल, वहिनी?"

आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे संशय होता आणि तो ज्याच्यावर घ्यावा असा माणूस नव्हता.

केबल बदलल्यावर टाकी भरली, तेव्हा अ‍ॅव्हरेज साडेसोळा आलं. त्याच दुपारी ती वळणावरच्या पंपावर गेली. मॅनेजरला बाहेर बोलावलं आणि रांगेतल्या लोकांसमोर, पहिल्या वेळी होता तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "मी मामांवर खापर फोडलं होतं. ते खोटं होतं. माझ्या गाडीचा ब्रेक धरत होता." मॅनेजरने मान डोलावली, बघतो म्हणाला. रांग पुढे सरकली.

मामा हवेच्या मशीनजवळ स्टुलावर बसले होते. ती तिथे गेली.

"ऐकलं मी," मामा म्हणाले. "माप मागितलंत त्याचं काही नाही, ताई. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. पण अकरा वर्षांची ओळख होती, मला एकदा बाजूला घेऊन विचारलं असतंत."

मामांनी उठून तिच्या चारही टायरची हवा तपासली आणि एकात थोडी भरली.

महिन्याभराने मामा पुन्हा पेट्रोलवर आले. ती आली की ते काटा शून्यावर असल्याचं दाखवत आणि तीही बघे. पण पूर्वीच्या गप्पा परत सुरू व्हायला वर्ष गेलं. जावयाने किल्ली घेतली ती त्याआधीच, तीही नातीने हट्ट धरला म्हणून.